पानावरचे अख्खे दाणे

लग्नात अक्षता वाटायला कुणी पुढे आलं की आजही माझा हात क्षणभर अडखळतो. चार दाणे मुठीत येतात आणि रहिमतपूरजवळच्या एका गावातलं अंगण डोळ्यांपुढे उभं राहतं, त्यात ओंजळीत धरलेलं पळसाचं पान दिसतं. बायको कोपरानं ढोसते, "टाका की, सगळ्यांच्या टाकून झाल्या." मी कुठे हरवलोय ते तिला बरोबर ठाऊक असतं.

नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, आणि जी आहेत ती सुखानं नांदत आहेत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नवा फौजदार होतो. वर्दी कडक इस्त्रीची आणि डोकं त्याहून कडक. ठाण्यात माझ्या हाताखाली एक जुने हवालदार आणि पाच-सहा शिपाई.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. तेवढ्यात दहा-बारा माणसं एकाला दोरीनं बांधून ठाण्याच्या आवारात घेऊन आली. पुढे पांढऱ्या मिशांचे पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. गावात ऊसशेती, मोठं घर, शब्दाला वजन. त्यांच्या सुनेच्या चार सोन्याच्या पाटल्या पेटीतून गेल्या होत्या. बांधलेला माणूस होता त्यांच्या मळ्यावर राहणारा मेंढका. मूळचा पूर्वेकडच्या कोरड्या भागातला. दुष्काळात कळप गेला, पंधरा-वीस मेंढरं उरली, तेव्हापासून तो इथेच राखणीला राहिला होता. चाळिशीचा, काटक, मान खाली.

"मुद्देमाल सापडला?" मी विचारलं.

"मुद्देमाल न्हाई गावला, सायेब," सुभेदारांचा पुतण्या पुढे होऊन म्हणाला. "पर चोर गावला." आणि त्यानं फडक्यात गुंडाळून आणलेलं पळसाचं पान माझ्या टेबलावर उलगडलं. पानावर ओलसर तांदूळ होते. अख्खे.

आता ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांना सांगतो. चोरी झाली की देवऋषी बोलवायचा. तो मूठभर कच्चे तांदूळ मंतरून संशयितांना वाटणार. प्रत्येकानं ते चावायचे आणि आपापल्या पानावर थुंकायचे. खऱ्याच्या तोंडातून पीठ येतं, चोराच्या तोंडातून दाणे जसेच्या तसे, असा समज. त्या दिवशी घरात येजा असलेल्या आठ जणांनी अंगणात बसून तांदूळ चावले. सात पानांवर पांढरा लगदा पडला. आठव्यावर, म्हणजे मेंढक्याच्या पानावर, हे दाणे. साऱ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं. आता अजून पुरावा तो काय हवा?

मी शिकलेला माणूस, देवऋषीच्या तांदळावर माझा विश्वास नव्हता. पण खोटं कशाला बोलू, ते पान बघून माझाही संशय त्याच माणसावर बसला. पाटल्या गेल्या त्या दुपारी तो भाकरी न्यायला घरात गेलाच होता. मी अटक दाखवली.

हवालदार फिर्याद लिहून घेत होते तेव्हा पुतण्या त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "हवालदार, मधली खोली न्हाई, माजघर ल्हिवा." मग म्हणाला, "पाटल्या जाळीच्या न्हाईत, तोडीच्या हायत." जाता जाता भिंतीकडे बोट करून मलाही सुनावलं, "सायेब, क्यालेंडरचं पान उलटायचं ऱ्हायलंय." चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय ह्याला जेवण जात नसावं, असं मला वाटलं आणि मी हसून सोडून दिलं.

सगळे गेल्यावर मेंढका पहिल्यांदा बोलला. दातातल्या दातात, ओठ जेमतेम हलवून.

"सायेब, माझं काय करायचं ते करा. पर पोराच्या कागदावर इतक्यात काय लिवू नगा."

त्याचा थोरला मुलगा दोन महिन्यांपूर्वी सैन्यात भरती झाला होता. सुभेदारांनीच त्याला स्वतः भरतीला नेलं होतं. मुलगा बेळगावला ट्रेनिंगमध्ये, आणि त्याच्या वर्तणुकीच्या पडताळणीचा कागद माझ्याच टेबलाच्या खणात. घरच्यांविषयीही शेरा लिहायचा होता. मी 'वडील चोरीच्या गुन्ह्यात अटकेत' असं लिहून पाठवलं असतं तर पोरगं पेटी घेऊन परत आलं असतं, अशी त्या बापाची खात्री होती. मलाही तसंच वाटत होतं. आणि कागद आठवड्यात पाठवायचा होता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांकडून पाच दिवसांची कोठडी मिळाली. चौकशी सुरू झाली आणि माझं डोकं फिरायला लागलं. काहीही विचारा, हा दात आवळून "न्हाई" म्हणणार. लांब उत्तर नाही की गयावया नाही. मुरलेला दिसतोय, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर मूठ आपटून ओरडत होतो. हवालदारांनी "सायबांकडं बघून बोल रं!" म्हणत त्याची हनुवटी धरून मान वर केली. मारलं नाही, नुसती हनुवटी धरली. पण 'कट्ट' असा आवाज आला, टेबलापलीकडे मला स्पष्ट ऐकू आला, आणि तो माणूस कानाशी हात दाबून जमिनीवर बसला. डोळ्यांतून पाणी.

हवालदारांचा चेहरा पांढराफटक पडला. "सायेब, देवाशपथ, म्या जोर न्हाई केला."

इथे मी मोठेपणाचा आव आणणार नाही. मी त्याला डॉक्टरकडे नेलं ते दया आली म्हणून नव्हे. कोठडीत आरोपीचा जबडा मोडला, हे उद्या कोर्टात निघालं तर माझी नोकरी गेली, हा विचार आधी आला. सरकारी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हाड मोडलेलं नाही, पण तोंड पुरतं उघडत नाही, हे सांगलीच्या एका दातांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांचा ह्यात हात चांगला आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांची परवानगी काढली आणि आम्ही तिघं, मी, हवालदार आणि तो, सकाळच्या पॅसेंजरनं निघालो.

गाडीत हवालदारांनी भाजक्या शेंगा घेतल्या. झाला प्रकार त्यांना टोचत होता, म्हणून त्यांनी ओंजळभर त्याच्यापुढे धरल्या. त्यानं मान हलवली. मग स्वतःच्या फडक्यातली भाकरी काढली, कपातल्या चहात कुस्करली, बोटानं कालवली आणि न चावता गिळायला लागला.

"दात पडलेत का रं?" हवालदारांनी विचारलं.

"दात हायत समदे," तो म्हणाला. "हितं अडाकतं." आणि कानाच्या पुढ्यात बोट ठेवलं.

हळूहळू बोलता झाला. आठ महिन्यांपूर्वी त्याच्याच कळपातल्या एडक्यानं हनुवटीवर धडक मारली होती. हा वाकून मेंढीच्या पायातला काटा काढत होता, एडका समोरून आला आणि ह्याला उताणा पाडलं. तेव्हापासून तोंड उघडताना कानापाशी कट्ट वाजायचं. पुढे पुढे अधूनमधून अडकायलाच लागलं. कडक काही चावायचं म्हटलं की डोक्यापर्यंत कळ जायची.

"अरे, मग सांगायचं नाही का कुणाला?" मी म्हणालो.

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "काय सांगू, सायेब? धनगराला त्याच्याच एडक्यानं पाडलं, म्हंजी आमच्यात लय हसत्यात. बायकूला बी न्हाई सांगितलं. दात दुखतोय म्हनलं. एका धाकल्या मालकाला ठावं हाय. हिरीवर मी भाकर ताकात कालवून गिळताना त्यांनी बघितलं. मग त्यांनी कानापाशी बोट लावून बी बघितलं, कसं वाजतंय त्ये."

धाकला मालक म्हणजे सुभेदारांचा पुतण्या. मी ऐकलं आणि शेंगा सोलत राहिलो. कानात शिरलं, डोक्यात शिरलं नाही.

सांगलीचे डॉक्टर बुटके, गोरे आणि भलतेच उत्साही होते. आम्हाला बघून घाबरले नाहीत. कपाटातून प्लास्टरची कवटी काढली आणि शाळेतल्या मास्तरासारखे सुरूच झाले.

"फौजदार, तुमची बोटं दोन्ही कानांच्या पुढे ठेवा. हं, आता तोंड उघडा. काही सरकलं?"

खरंच की! कातडीखाली दोन्हीकडे एक एक गोटी पुढे सरकत होती. पंचवीस वर्षं त्याच तोंडानं जेवलो, ओरडलो, पण तिथे काही हलतं ह्याचा पत्ता नव्हता.

"हा जबड्याचा सांधा," डॉक्टर म्हणाले. "कवटीत ही खाच, आणि खालच्या जबड्याची ही गोटी तिच्यात बसते. आधी दाराच्या बिजागरीसारखी जागच्या जागी फिरते, आणि तोंड आणखी उघडलं की टेबलाच्या खणासारखी पुढे सरकते. गुडघा नुसता दुमडतो. हा दुमडतोही आणि सरकतोही. मधे एक मऊ गादी असते, म्हणून हाडावर हाड घासत नाही. ह्याच्या उजव्या सांध्यातली गादी त्या धडकेनं पुढे निसटली आहे. गोटी तिच्यावर चढली की कट्ट वाजतं. चढू शकली नाही की तोंड अडकतं."

मग त्यांनी त्याला तोंड उघडायला लावलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. हनुवटी सरळ खाली न जाता उजवीकडे वळत होती. "दोन बैल एका जुवाला," डॉक्टर म्हणाले, "उजवा बसला की गाडी उजवीकडे वळणार. दोन्ही सांधे एकाच हाडाला, एकट्यानं चालायची सोय नाही."

"आता स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घाला," त्यांनी फर्मावलं. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं आरामात जातात म्हणे. मी घातली, गेली. हवालदारांनी घातली, तीही गेली. दोन वर्दीवाले तोंडात बोटं घालून उभे, आणि तो आरोपी आमच्याकडे बघून कितीतरी दिवसांनी हसला. त्याच्या तोंडात मात्र दीड बोटापुढे जाईना.

मी सहज तांदळाची हकीकत सांगितली. डॉक्टर थक्क झाले.

"कच्चे तांदूळ? अहो, दाणा भरडायला जबडा जात्यासारखा आडवा फिरवावा लागतो. ह्याचा सांधा तेवढा सरकतच नाही. त्यात भीतीनं लाळ आटलेली. हा माणूस कच्चा तांदूळ आठ महिने चावू शकलेला नाही, आणि तुम्ही त्यावरून ह्याला चोर ठरवलंत? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

कुणाच्या डोक्यातून निघालं? तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मला गाडीतलं बोलणं आठवलं. ज्याला हे ठाऊक होतं असा गावात एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. पुरुषांना न भेटता आधी सुभेदारीणबाईंना भेटलो. माझा अनुभव आहे, घरात काय ठरलं ते पुरुष विसरतात, बायकांना शब्दन्‌शब्द आठवतो. मी विचारलं, तुमच्याकडे आधी काही हरवलं तर तांदूळच चारायचे का?

"न्हाई ओ," बाई म्हणाल्या. "आमच्यात बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायची रीत. मेंढका बिचारा लगी म्हनला बी, मी बिरुबाचा भंडारा उचलतो. पर आमचा पुतन्या म्हनला, त्याचा रोजचाच द्येव त्यो, त्याला काय भ्या? तांदूळ चारा, लगीच कळंल. देवरूशी बी त्यानंच आनला."

एवढ्यावर माणसाला धरता येत नाही. मी पुतण्याला ठाण्यावर बोलावलं, चहा मागवला, आणि कपाळाला हात लावून बसलो.

"तुमच्या मेंढक्यानं भलतीच पंचाईत केली बघा," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतात त्याची डावी दाढ किडली आहे, म्हणून तांदूळ चावता आले नाहीत. आता कोर्टात काय सांगायचं?"

"डावी दाढ?" तो लगेच म्हणाला. "काय तरीच डाक्टर! दाढ न्हाई सायेब, उजव्या कानाम्होरं सांधा वाजतोय त्याचा, एडक्यानं—"

आणि थांबला. कप खाली ठेवला. हवालदारांनी लिहिणं थांबवून वर बघितलं. अशा वेळी गप्प बसणं हे अर्धं काम असतं, आणि ते मला त्याच आठवड्यात कळलं.

"म्हणजे त्याला चावता येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं," मी शेवटी म्हणालो. "आणि तांदूळच चारा म्हणून हट्ट तुम्हीच धरलात."

तासाभरात सगळं बाहेर आलं. मटक्याचा नाद लागला होता, पाटल्या त्यानंच काढल्या होत्या, मोडायला सांगलीला जायचं धाडस झालं नव्हतं. कोर्टात पोलिसांपुढचा नुसता कबुलीजबाब उपयोगाचा नसतो, म्हणून दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर निवेदन लिहिलं आणि त्याला पुढे घालून मळ्यावर गेलो. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत ग्रीसचा डबा होता. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक करत चार पाटल्या बाहेर काढल्या, काळ्याकुट्ट, ग्रीसनं माखलेल्या. सुभेदार दारात उभे होते. युद्ध पाहिलेला माणूस, पण खाली बसला.

मेंढक्याला सोडल्याचा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. मग खण उघडला, मुलाचा कागद काढला, आणि लिहिलं: 'वर्तणूक चांगली. घराणे प्रामाणिक.' तो शेरा लिहिताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं पुढे पदक मिळतानाही वाटलं नाही.

सुभेदार दुसऱ्या दिवशी ठाण्यात आले. मेंढका आपलं घोंगडं घ्यायला तिथेच आला होता. सुभेदारांनी टोपी काढून हातात घेतली. "माझं चुकलं गड्या. तू मागशील ते देतो."

त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "मालक, मला काय बी नगं. तेवढं तांदूळ द्या."

"तांदूळ?"

"त्याच अंगनात, त्याच मानसांम्होरं. डाक्टर म्हनत्यात चार म्हयनं लागतील. म्या थांबतो. पर मला तांदूळ चावायचाय."

मी समजावलं, अरे, तू निर्दोष आहेस हे कागदावर आलंय, तांदळाला काडीची किंमत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा कागद सायेब तुमच्या कपाटात ऱ्हानार. माझं दानं समद्या गावानं बघितल्यात."



चार महिने तो सांगलीला खेपा घालत राहिला, भाडं सुभेदारांनी जबरदस्तीनं दिलं. डॉक्टरांनी त्याच्या दातांवर बसेल अशी पट्टी करून दिली, गरम फडक्याचा शेक सांगितला, आणि रोज आरशासमोर हनुवटी सरळ ठेवून तोंड उघडायचा व्यायाम. पूर्ण पहिल्यासारखं होईलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. एका बाजारच्या दिवशी तो ठाण्यात आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला, आणि तीन बोटं तोंडात घालून दाखवली. हवालदार टाळ्या वाजवायला लागले.

"बसा," मी म्हणालो. तोवर मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्या दिवशी जीभ आपोआप वळली.

पुढच्या रविवारी सुभेदारांच्या अंगणात सगळं गाव जमलं. डॉक्टरांनी मूठभर नको, दहाबारा दाण्यांवर भागवा, अशी ताकीद दिली होती. देवऋषीला कुणी बोलावलं नाही. पळसाचं पान सुभेदारांनी स्वतः आपल्या ओंजळीत धरलं. मेंढक्यानं दाणे तोंडात टाकले आणि चावायला लागला. सावकाश, जात्यासारखा आडवा जबडा फिरवत, मधे थांबत, कानाशी हात नेत. त्याची बायको पदर तोंडात धरून उभी होती. मी, ज्याला ह्या तांदळावर काडीचा विश्वास नव्हता, मनातल्या मनात म्हणत होतो, चाव, बाबा, चाव.

त्यानं वाकून पानावर थुंकलं. सुभेदारांनी बोटानं चाचपलं. मग पान डोक्याच्या वर धरून, परेडवर हुकूम देतात तशा आवाजात ओरडले, "पीठ हाय!"

अंगणात एकच गलका झाला. बायका रडल्या, हवालदार रडले, आणि आम्ही सगळे हसतही होतो. तेवढ्यात मेंढक्यानं उरलेले तांदूळ माझ्यापुढे धरले. डोळ्यांत खोडी.

"सायेब, आता तुमी."

सगळं गाव बघत होतं, नाही कसं म्हणणार? मी दाणे तोंडात टाकले. पण तोंडात लाळेचा थेंब नव्हता, दाणे दाढांखाली येईनात, नुसते इकडून तिकडे फिरत होते. शेवटी दुसऱ्या पानावर थुंकलो. तो वाकून बघायला लागला आणि तोंड उघडून, सगळं उघडून, असा हसला की मला त्याच्या अक्कलदाढा दिसल्या.

"आवं सायेब! हे तर अख्खं दानं हायत की!"

अंगण हसून हसून लोळलं. मीही हसलो. पण ते दाणे खोटं बोलत नव्हते. पान बघून त्या माणसाला बांधून ठेवणारा मीच होतो, त्याच्यावर मूठ आपटणारा मीच होतो, आणि माझ्या भीतीनं त्याला डॉक्टरकडे नेलं नसतं तर बेळगावहून ते पोर पेटी घेऊन परत आलं असतं. पुढच्या पंचवीस वर्षांत माझ्यासमोर जो आरोपी गप्प बसला, त्याला मी आधी पाणी दिलं, आणि काही दुखतंय का ते विचारलं. बहुतेक जण नाही म्हणाले. काही जण हो म्हणाले.

माझं ते पान मी त्या दिवशी घडी घालून खिशात ठेवलं होतं. घरी आल्यावर बायकोनं वर्दी धुवायला घेताना ते बाहेर काढलं आणि विचारलं, हे काय? मी म्हणालो, माझा पंचनामा.